कुंदाताईंची फिबा

ब्रिस्टलच्या आमच्या मराठी मंडळात कुंदाताई गजभियेंचं नाव निघालं की कोणीतरी हसतं आणि प्लेट्सचा किस्सा सांगतं. व्हिसावर नव्याने आलेल्या जोडप्यांनाही तो लवकरच ऐकवला जातो. त्या बाई कशा वाकड्यात शिरल्या, अख्खा हॉल कसा भुकेला उभा राहिला, आणि "कारण काय, तर काहीच नाही हो!" असा त्याचा शेवट असतो. कारण होतं. मी तिथं होते आणि मला ते ठाऊक आहे. कुंदाताई आता मुलाच्या नोकरीमागे वॉटफर्डला राहायला गेल्या आहेत, आणि इथं येऊन खुलासा करतील अशातल्या त्या नव्हेत. म्हणून मीच लिहायला बसले. पण तो किस्सा शेवटी सांगेन. आधी बाई कळायला हव्यात.

कुंदाताई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. केस कानापाशी कापलेले, चष्मा नाकावर घसरलेला, आणि वर्षातले बरेचसे महिने अंगात तेच मरून कार्डिगन. माहेर आणि सासर दोन्ही नागपूर. नवरा इथल्या विमानाच्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून आला, त्याच्यामागून त्या आल्या, इथं शिकून प्रायमरी टीचर झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत ईस्टनमधल्या एका शाळेत शिकवत राहिल्या. माझी त्यांची ओळख मंडळाच्या शनिवारच्या मराठी शाळेतली. मी मोठ्या मुलांना शिकवते, त्या लहानांना शिकवायच्या. मी पुण्याची, त्यामुळे माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं. "काय वो पुणेकर, आज शुद्ध बोलायचं का समजेल असं?" असं विचारतच वर्गात शिरायच्या.

मराठी माणूस परदेशी निघताना जुन्या सवयी विमानतळावर टाकून येतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे एखाद्या शनिवारी चहाला यावं. पहिली चौकशी आडनावाची. "गजभिये म्हणजे विदर्भातले का? नागपुरात नक्की कुठे?" विचारणारा गोल गोल फिरत राहतो, मुद्द्यावर काही येत नाही. कुंदाताई थोडा वेळ गंमत बघायच्या. मग म्हणायच्या, "आम्ही बौद्ध. आधी कोण होतो, ते बी सांगू? घरी या एकदा. निळ्या कोटातला मोठा फोटो आहे हॉलमध्ये. खुर्ची अशी ठेवली आहे की चहा पिता पिता नीट दिसते." समोरचा माणूस "छे छे, मी आपलं सहज विचारलं" म्हणत गोरामोरा व्हायचा, आणि त्या त्यालाच बिस्किटाची बशी पुढे करायच्या.

तर प्लेट्सबद्दल. मंडळाचे सण चर्चचा हॉल भाड्याने घेऊन होतात आणि जेवण घराघरांतून येतं. कोणी काय आणायचं ते मेधावहिनी ठरवतात. आठवडाभर आधी त्यांचा फोन येतो. कुंदाताईंना येणारा फोन वर्षानुवर्षं एकच होता. "ताई, तुम्ही नेहमीप्रमाणे प्लेट्स आणा. स्वयंपाकाचा त्रास नको तुम्हाला." गणपतीला प्लेट्स, दिवाळीला प्लेट्स, गुढीपाडव्याला प्लेट्स. त्यांच्याहून वयानं मोठ्या एक काकू गुडघ्याला पट्टा बांधून ढीगभर पुरणपोळ्या लाटून आणायच्या, त्यांच्या त्रासाची काळजी कोणाला पडलेली दिसली नाही. मी कुंदाताईंच्या हातची पाटवडी खाल्ली आहे, गोळाभात खाल्ला आहे. आमच्या मंडळात तशी चव असलेला दुसरा हात नाही, हे मी पुण्याची असून लिहिते आहे.

एकदा मी त्यांना विचारलं, "तुम्ही बोलत का नाही?"

"काय बोलू? मेधा म्हणेल, ताई, तसं काही नाही हो. मग मला तिचं तसं-काही-नाही ऐकून घ्यावं लागेल. त्यापेक्षा प्लेट्स हलक्या असतात."

प्लेट्स मात्र त्या उत्तम आणायच्या. रस्सा वाहून जाणाऱ्या पातळ कागदाच्या नव्हेत, उसाच्या चिपाडापासून बनवलेल्या, जाड, कप्प्यांच्या. हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन खोका टेबलाखाली सरकवून ठेवायच्या. त्यांचं कौतुक आजवर कोणी केल्याचं मी ऐकलं नाही. खोका आपोआप उगवतो असंच सगळ्यांना वाटत असावं.

बसमधून उतरताना ड्रायव्हरला "चिअर्स, ड्राइव्ह" म्हणायची ब्रिस्टलकरांची जुनी सवय आहे. कुंदाताई ते अगदी खणखणीत म्हणायच्या, मागच्या सीटवर झोपलेला माणूस जागा व्हावा इतकं. एरवी थँक्यू म्हणायला त्यांची जीभ जड. मी त्यावरून चिडवलं तर म्हणाल्या, "त्यानं बस चालवली, म्हणून थँक्यू. मला माणूस समजल्याबद्दल मी कोणाला थँक्यू म्हणत नसते. ते फुकट मिळायला पाहिजे."

त्यांची आणखी एक खोड लायब्ररीत दिसायची. मुलांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक गोष्टींच्या कपाटापाशी जायच्या, गुलामगिरीवरचं एखादं पुस्तक काढायच्या आणि शेवटाकडून उघडायच्या. पुस्तकातला गुलाम मुलगा किंवा मुलगी जिथून पळते ते पान शोधायचं, उभ्या उभ्या वाचायचं आणि विचारायचं, "दार कोणी उघडलं?" कधी मायाळू मालकीण उघडायची, कधी मायाळू कप्तान. "पुन्हा पाद्री," असं पुटपुटत त्या पुस्तक परत ठेवायच्या, तेही कणा आत आणि पानं बाहेर. लायब्ररीतल्या मुलीला कळायचं की आज मिसेस गजभिये येऊन गेल्या.

मग बंदरात तो पुतळा ढकलला गेला. साखरेच्या आणि माणसांच्या व्यापारात पैसा केलेल्या शेठजीचा पुतळा शहरात उभा होता, तो लोकांनी ओढत नेऊन पाण्यात टाकला, हे जगानं पाहिलं. त्यानंतर शाळांना अचानक अशी पुस्तकं हवी झाली. कुंदाताई तेव्हा निवृत्त होत्या. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसल्या आणि त्यांनी इंग्रजीत एक छोटी कादंबरी लिहून काढली.

तिच्यातली फिबा दहा वर्षांची. जमैकाकडच्या नेव्हिस बेटावरच्या उसाच्या मळ्यात जन्मलेली. शुक्रवारी जन्मलेल्या मुलीला तिचे लोक हे नाव ठेवायचे. तिचा मालक तिला ब्रिस्टलच्या घरात कामाला आणतो, आणि काही काळानं परतीच्या जहाजावर चढवून विकायचं ठरवतो. त्या काळी इथले श्रीमंत लोक भर दुपारी मोठं जेवण घेत. अशाच एका मेजवानीत फिबा उष्ट्या ताटांची चळत उचलते, जेवणघरातून पाहुण्यांच्या मधून चालत जाते, जिना उतरते, हात अडकलेले म्हणून कमरेनं दार ढकलते आणि रस्त्यावर येते. ताटं पायरीवर ठेवते आणि चालू लागते. ना पाठलाग, ना कंदील, ना पाद्री. मला वाचताना धाप लागली होती.

लंडनच्या एका संपादक बाईंना पुस्तक आवडलं. त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणं होतं तेव्हा कुंदाताईंचा लॅपटॉप चालेना, म्हणून मी गेले होते. लॅपटॉप सुरू करून दिला आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं फ्रिजपाशी बसले. संपादक बाई गोड होत्या. फार म्हणजे फारच गोड. त्यांनी पुस्तकाला अप्रतिम म्हटलं, गरजेचं म्हटलं, आणि मग म्हणाल्या की फक्त पळून जायचा प्रसंग रात्री घ्यावा, आणि मालकिणीनं दाराची कडी मुद्दाम काढून ठेवलेली असावी. मुलांना धरायला एक मायाळू हात लागतो.

"रात्री दाराला कुलूप असतं," कुंदाताई म्हणाल्या. "दिवसा नसतं."

"पण कोणीतरी तिला पाहीलच ना? वाचकाला ते पटायला हवं."

"ताटं नेणाऱ्या मुलीकडे कोणी बघत नाही."

बाई हसल्या, मान हलवली, आणि पुन्हा त्याच कडीवर आल्या. मालकिणीनं निदान पाहून न पाहिल्यासारखं करावं, एवढंच. कुंदाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या मालकिणीच्या घरात फिबा किती वर्षं होती? एवढे दिवस कडी काढायला तिला कोणी मना केलं होतं? काढली नाही. मग माझ्या पुस्तकात येऊन ती काहून काढेल?" शेवटचं वाक्य रागात अर्धं मराठीत गेलं. बाईंनी "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत" असं सांगून कॉल बंद केला आणि त्यानंतर त्या कधीच पाठीशी दिसल्या नाहीत. पुस्तक शेवटी इथल्याच एका छोट्या छापखान्यातून निघालं. कडी जिथं होती तिथंच राहिली.

शाळांतून मात्र बोलावणी आली. एका शाळेत मी बरोबर गेले होते. "बिचारी" या अर्थाचा शब्द त्यांच्या तासाला बंद असे. "पुअर फिबा" असं एका मुलीनं म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, "ती पुअर नाही. तिला काम आहे, तिला पळायचं आहे. तुला बरं वाटावं म्हणून रडत बसायला तिला वेळ नाही." मागून एका मुलानं हात वर केला. त्याच्या आजीचे लोक जमैकाचे. त्यानं सरळ विचारलं, "तुम्ही ब्लॅक नाही. मग ताटांचं तुम्हाला कसं माहीत?"

कुंदाताईंना प्रश्न फार आवडला. "माझ्या आजीनं सांगितलं," त्या म्हणाल्या. "ती तिथं होती." मुलानं मान डोलावली. त्याला ते उत्तर पुरलं. मला नाही पुरलं, पण परतीच्या बसमध्ये विचारलं तर त्या म्हणाल्या, "सांगेन. आधी मराठीत लिहू दे. ते मराठी लोकांना सांगायचं आहे."

त्यांना पहिल्यापासून हवं होतं ते हेच. इंग्रजी पुस्तक ही त्यांच्या लेखी तालीम होती. फिबाची गोष्ट मराठी मुलांसमोर मराठीत यावी, आणि तिच्या शेवटी त्यांच्या आजीची यावी, त्यांच्या नातीच्या तोंडून. नात म्हणजे मित्रा, फिबाएवढीच. आईवडील दोघं हॉस्पिटलात शिफ्टवर, त्यामुळे शनिवार-रविवार ती आजीकडे असायची. मंडळाच्या स्नेहसंमेलनात शनिवारच्या शाळेची मुलं फिबाचं नाटक करतील असं ठरलं तेव्हा कुंदाताई इतक्या खूश झाल्या की मला चक्क पूर्ण नावानं हाक मारली.

मुलं निवडायचा दिवस मी विसरणार नाही. सगळ्या आयांना आपली मुलगी मालकीण म्हणून हवी होती. मुलगे कप्तान, व्यापारी, पाहुणे झाले. गुलाम व्हायला कोणी तयार नव्हतं. म्हणजे मुलं तयार होती, मुलांना काय, आया तयार नव्हत्या. "आमची अन्वी फेअर आहे ना, तिला मालकीण शोभेल." अखेर मेधावहिनींनीच तोडगा काढला. "फिबा मित्राच करू दे की. आजीचंच पुस्तक आहे. आणि तिला तसा... म्हणजे, मेकअप फार लागणार नाही."

कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे, वहिनी. मेकअप नाही लागणार. अक्कल लागते, ती आहे तिला."

स्वयंपाकघरात राबायला आणखी दोन मुली कशाबशा मिळाल्या. त्यातली एक रंगीत तालमीला गोणपाटाचा झगा आणि गळ्यात सोन्याची ठुशी घालून आली. आजी-आजोबा पुण्याहून लाइव्ह बघणार होते, मोकळा गळा कसा दिसेल, असं तिच्या आईचं म्हणणं. कुंदाताई हसता हसता खुर्चीत बसल्या. "राहू द्या वो," त्या म्हणाल्या. "ठुशीसकट पळेल ती."

त्याच तालमीत मित्रानं शेवटचं भाषण पहिल्यांदा म्हटलं. फिबा ताटं घेऊन निघून जाते, मग मित्रा डोक्याचं फडकं सोडून पुढे येते आणि आपल्या स्वतःच्या नावानं बोलते, असं ते होतं. तिचं मराठी इथं जन्मलेल्या मुलांचं मराठी, सगळी लिंगं आपसात बदललेली.

"माझा आजीची आजी, तिचा नाव सोना. ती पण टेन वर्षांची होता. भंडाऱ्याजवळ तिचा गाव होता. पाटलाच्या घरी लग्न असला की सगळे लोक आधी जेवायचे. मग सोना त्यांच्या पत्रावळी उचलायची. त्याच्यावर जे उष्टं राहिला, तेच तिच्या घरचा जेवण. कारण ती महार होती, आणि गावातला लोक म्हणायचा की हेच तुमचा काम. एका लग्नात सोनानं पत्रावळी डोक्यावर घेतला आणि चालत गेली. उकिरड्यावर टाकला. आणि परत नाही आली. नागपूरला मामाकडे गेली. तिला कोणी थांबवला नाही. पत्रावळी नेणाऱ्या मुलीकडे कोणी बघत नाही. म्हणून मी इथं आहे."

भाषा सुधारायची का, असं मी नंतर विचारलं, कारण मास्तरकी कुठं जाते. कुंदाताई म्हणाल्या, "हात लावू नको. जसं येते तसं बोलू दे तिला."

मंडळाचा अध्यक्ष शिरीष तालमीला आला होता. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावानं हसतमुख, कोणाला दुखवायचं नाही हे त्याचं ब्रीद. तो खुर्ची ओढून कुंदाताईंजवळ बसला.

"ताई, नाटक एक नंबर. फक्त तो शेवटचा पार्ट. आपल्या मुलांना कास्ट वगैरे माहीतच नाहीये हो. आपण कशाला उगाच त्यांच्या डोक्यात भरायचं?"

"फिबाचं तरी कुठं माहीत होतं त्यांना? ते भरून राहिलोच ना आपण?"

"ते वेगळं. ती हिस्टरी आहे."

"माझी आजी बी हिस्टरीच आहे, शिरीष. तिच्या मांडीवर बसून मी जेवली आहे."

"ॲब्सोल्युटली, मी रिस्पेक्ट करतो. पण नवीन फॅमिलीज येतायत, कोणाला गिल्टी वाटायला नको. फन इव्हेंट आहे."

"इंग्रजांना वाटलं तं चालते?"

मी मध्ये पडले आणि म्हणाले की भाषण राहायलाच हवं, त्याच्याशिवाय मी माझ्या वर्गातली मुलं स्टेजवर पाठवणार नाही. शिरीषनं लगेच दोन्ही हात वर केले. "ओके, ओके, ठेवू. काही इश्यूच नाही." त्याच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ हसू होतं की मी विश्वास ठेवला. कुंदाताईंनी ठेवला की नाही, सांगता येत नाही. त्या दिवशी त्या मित्राला पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, "घाई नाही करायची. पुढं यायचं, श्वास घ्यायचा, मग बोलायचं. तुझ्या आधी हे आपल्या घरातलं कोणी स्टेजवर बोललं नाही."

स्नेहसंमेलनाला हॉल गच्च भरला होता. दारात चकचकीत पत्रकं वाटत होते, वर कुंदाताईंचा फोटो आणि खाली "आपल्या मराठी लेखिका". सुरुवातीलाच त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शिरीष माइकवर म्हणाला, "इंग्रजांनी केलेले अत्याचार इंग्रजांच्याच देशात, इंग्रजांच्याच भाषेत मांडणारी आपली वाघीण!" टाळ्यांचा कडकडाट झाला. कुंदाताई शाल खांद्यावर घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसल्या. त्यांनी प्लेट्सचा खोका सकाळीच आणून ठेवला होता, नेहमीच्या टेबलाखाली.

नाटक सुंदर झालं. अन्वी मालकीण म्हणून इतकी गोड वागली की तिचा राग यावा. मित्रानं ताटांची चळत उचलली, पाहुण्यांच्या मधून नेली, पुठ्ठ्याचं दार कमरेनं ढकललं, आणि ताटं पायरीवर ठेवली. मग टाळ्या सुरू झाल्या. मित्रानं विंगेत फडकं सोडलं. ती पुढे आली, मधोमध उभी राहिली, शिकवल्याप्रमाणे श्वास घेतला.

आणि शिरीष माइक घेऊन तिच्यापुढे आला. "वा वा वा! जोरदार टाळ्या आपल्या छोट्या कलाकारांसाठी! मंडळी, हॉल आपल्याला थोडाच वेळ आहे, त्यामुळे आता थेट जेवणाकडे वळूया."

"शिरीष, मित्राचं राहिलंय!" मी विंगेतून ओरडले. त्याला ऐकू गेलं. त्यानं माझ्याकडे बघून मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं, हसला, मागं वळून मित्राच्या डोक्यावर थोपटलं आणि कोणालातरी गाणं लावायची खूण केली. ढोल-ताशा सुरू झाला. मित्रा तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच उभी होती. सगळ्या आया मोबाइल घेऊन आपापल्या मालकिणींचे फोटो काढायला स्टेजकडे धावल्या आणि ती त्या घोळक्यात दिसेनाशी झाली. मला शिरीषचा राग आला तो अजून गेलेला नाही. त्यानं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं फक्त वेळ संपवला.

मी कुंदाताईंना शोधलं. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर शाल नीट घडी घालून ठेवलेली होती, वर नारळ. त्या स्टेजवर गेल्या नव्हत्या, शिरीषला गाठलं नव्हतं. त्या टेबलाखालून खोका ओढत होत्या. तो त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला. घोळक्यातून सुटून मित्रा त्यांच्याजवळ आली, गोणपाटाच्या झग्यावर तिनं कोट चढवला. मग दोघी निघाल्या. हॉलच्या मधून, माणसांच्या मधून. "जरा बाजू द्या," कुंदाताई म्हणायच्या आणि लोक बोलणं न थांबवता बाजूला व्हायचे. मेधावहिनी भाजीच्या पातेल्यावरचं फॉइल काढत होत्या. त्यांच्या कोपराला खोका घासून गेला. त्या "सॉरी हं" म्हणाल्या आणि वर न बघता फॉइल काढत राहिल्या. दारापाशी कुंदाताईंनी पाठ वळवली, कमरेनं दार ढकललं आणि बाहेर गेल्या.

मी मागोमाग धावले. त्या बसस्टॉपवर पोचल्या होत्या. खोका बाकावर, बाजूला त्या, पलीकडे मित्रा.

"ताई," मी म्हणाले, "प्लेट्स..."

"माझ्या आहेत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायची त्यांना गरज वाटली नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मित्रा कोटाची बटणं लावत होती. "आजी," ती म्हणाली, "खरंच कोणी बघितला नाही."

"सांगितलं होतं ना तुला."

"पण माझा स्पीच राहिला."

"बसमध्ये वरच्या मजल्यावर चल. तिथं म्हण. मी ऐकते."

बस आली. ड्रायव्हरनं खोका बघून पुढचं दार उघडं धरलं, चढायला सोपं जावं म्हणून बस फुटपाथकडे झुकवून खाली घेतली. "चिअर्स, ड्राइव्ह," कुंदाताई म्हणाल्या, तितकंच खणखणीत. जिन्यावरून खोका वर जाताना दिसला, मग वरच्या काचेतून त्या बसलेल्या दिसल्या आणि त्यांच्यासमोर, दोन सीटांच्या मधल्या वाटेत, दांडा धरून उभी राहिलेली मित्रा. तिनं आधी श्वास घेतला. बस वळेपर्यंत तिचे ओठ हलताना मला दिसत होते.

मी परत आत आले तेव्हा पुरणपोळ्या, भाज्या, कढी, सगळं टेबलांवर मांडलं होतं आणि माणसं रांगेत उभी होती. पुढच्या दोघाचौघांनी वाट बघून हातातल्या पत्रकावरच बटाटेवडे घेतले होते. तेल कुंदाताईंच्या फोटोतून आरपार उतरत होतं. शिरीषनं पुन्हा माइक हातात घेतला.

"मंडळी, एक मिनिट. प्लेट्सचा खोका कोणी हलवलाय का? इथंच होता म्हणे. नेताना कोणी पाहिलं का?"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कोणीच पाहिलं नव्हतं.